तळटीप : शिरोलीत आलेली जपानी बाटली

७. जपानी बाटली : शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत पाहुण्यांनी भेट दिलेली ही व्हिस्की होक्काइदो बेटावरच्या योइची इथली. साके बनवणाऱ्या घराण्यातले मासाताका ताकेत्सुरू १९१८ साली स्कॉटलंडला जाऊन व्हिस्की बनवण्याची विद्या शिकले. परतल्यावर शिंजिरो तोरिई यांच्या यामाझाकी कारखान्याची (१९२३) घडी त्यांनी बसवली आणि १९३४ मध्ये योइचीत स्वतःचा कारखाना काढला. तिथे तांब्याच्या ऊर्ध्वपातन पात्रांखाली अजूनही दगडी कोळसा जळतो. कामगार फावड्याने कोळसा टाकत जाळ सांभाळतात. थेट आचेने तळाला किंचित करपल्याचा वास येतो, तोच या व्हिस्कीचा कस. पात्रांच्या गळ्यात शिमेनावा, म्हणजे पवित्र दोर बांधलेले असतात. फाउंड्रीतल्या क्युपोला भट्टीसमोर उमेदीची वर्षे घालवलेल्या लेखकाला ही बाटली इतकी जिव्हाळ्याची का वाटली, ते यावरून उमगावे.

जुन्या जपानी व्हिस्कीच्या दुर्मिळतेचे कारण साधे आहे. १९८०च्या दशकात जपानात खप घसरला, तेव्हा पिंपे कमी भरली गेली. पुढे जगभरातून मागणी आली तेव्हा जुना साठाच पुरेना. मिझुनारा या जपानी ओकची पिंपे तर गळकी आणि घडवायला अवघड, पण त्यांत मुरलेल्या मद्याला चंदनाचा, धुपाचा गंध येतो.

आपल्याकडे व्हिस्की बनवण्याचे काम पाहायचे तर गोव्यात कुंकळ्ळीला जावे. तिथली ‘पॉल जॉन’ सिंगल माल्ट २०१२ साली बाजारात आली. कोकणपट्टीच्या उष्म्यात पिंपातले मद्य थंड स्कॉटलंडच्या कैक पट वेगाने उडून जाते, पण मुरतेही लवकर.