मदत कोणाची, कोणाला? रांपणकारांपासून कन्याकुमारीपर्यंत

समुद्र आणि किनाऱ्यावरची माणसं यांच्यासाठी झटणाऱ्या स्थानिक संघटनांना बाहेरच्यांनी मदत कशी करावी, हा प्रश्न हल्ली वारंवार विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा पैसे असतात. मी इतिहासाचा माणूस, उपाय सांगणं माझं काम नव्हे. पण आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मदतीचाच सत्तरेक वर्षांचा इतिहास आहे, आणि तो चांगलाच तिरपागडा आहे. आज तो सांगतो.

सुरुवात केरळपासून करावी लागते. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रं यांच्यात करार झाला आणि कोल्लमजवळ नीण्डकरा भागात मासेमारी विकासाचा प्रकल्प उभा राहिला. नॉर्वेने परदेशात केलेलं हे पहिलंच विकासकार्य. हेतू चांगला होता, त्याबद्दल शंका नको. गरीब मच्छीमारांना बरी होडी मिळावी, इंजिन मिळावं, बर्फ मिळावा, गावात दवाखाना यावा. पण पुढे परदेशी बाजारात कोळंबीला भाव आला. कोळंबी तळाशी राहते, म्हणून तळ खरवडत जाणारं ट्रॉल जाळं आलं. ट्रॉलरसाठी सरकारी कर्ज आणि अनुदान आलं. आता बघा, कर्ज कोणाला मिळतं? ज्याच्याकडे तारण असतं त्याला. ज्यांनी कधी जाळं हातात धरलं नव्हतं असे लोक बोटींचे मालक झाले, आणि ज्यांच्या नावाने मदत आली होती ते किनाऱ्यावर उभे राहून बघत राहिले.

गोव्यात हेच साठच्या दशकात सुरू झालं. तिथे रांपण होती. आपल्या सिंधुदुर्गात तिला रापण म्हणतात. होडीतून भलंमोठं जाळं अर्धवर्तुळात टाकायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून ओढायची. ओढायला दहावीस माणसं पुरत नाहीत, वाडीच्या वाडी लागते. आलेली मासळी वाट्यांनी विभागली जाते, जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा. म्हणजे रांपण हे नुसतं जाळं नव्हतं, ती गावाची व्यवस्था होती. तिची एकच अट होती, मासा किनाऱ्याजवळ आला पाहिजे. ट्रॉलर नेमका त्याच उथळ पाण्यात शिरला.

त्यातून ‘गोंयच्या रांपणकारांचो एकवट’ ही संघटना उभी राहिली. तिचे पुढारी माताणी साल्ढाणा हे पेशाने शिक्षक. पुढे ते आमदार झाले, मंत्री झाले, पण सत्तरच्या दशकात ते रांपणकारांबरोबर मोर्चे काढत होते, उपोषणं करत होते. मागणी साधी होती. किनाऱ्यापासून पाच किलोमीटरचा पट्टा आमच्यासाठी सोडा, यांत्रिक बोटी त्याच्या बाहेर राहू द्या. आणि पावसाळ्यात, मासा अंडी घालतो तेव्हा, समुद्राला विसावा द्या. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी न लोटणाऱ्या आपल्या कोळ्यांना ही दुसरी गोष्ट कोणी शिकवावी लागली नव्हती. ती कायद्यात आणण्यासाठी मात्र भांडावं लागलं.

१९७८ साली मद्रासमध्ये वेगवेगळ्या राज्यांतल्या अशा छोट्या संघटना एकत्र आल्या. त्यातूनच पुढे नॅशनल फिशवर्कर्स फोरम झाला आणि साल्ढाणा त्याचे पहिले अध्यक्ष झाले. केंद्राने १९७९ मध्ये राज्यांना कायद्याचा नमुना पाठवला. १९८० मध्ये गोवा आणि केरळचे, १९८१ मध्ये महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला. आपल्या कायद्याखालच्या आदेशांत ट्रॉलरला भागानुसार पाच किंवा दहा वाव पाण्याच्या आत बंदी आहे. हे आकडे वरून सुचलेले नाहीत. ते वाळूवर बसलेल्या माणसांनी मागून घेतलेले आहेत.

आता मदतीकडे येऊ. या लोकांना मदत कोणी केली? केरळमध्ये काही पाद्री आणि नन्स चर्चमधल्या वरिष्ठांची नाराजी पत्करून उपोषणांना बसल्या. जॉन कुरियन यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ आधी मारियनाडच्या मच्छीमारांच्या सहकारी संस्थेत राबले आणि मग त्यांनी ट्रॉलरचं अर्थकारण आकड्यांत मांडलं. मला स्वतःला हे सगळ्यात मोलाचं वाटतं. मच्छीमार सांगतो की मासा कमी झाला, तर ती तक्रार ठरते. तेच कोष्टकात आलं की समिती नेमावी लागते. १९८८ मध्ये केरळमध्ये पावसाळी ट्रॉलबंदी आली ती बालकृष्णन नायर समितीच्या शिफारशीवरून. आज पश्चिम किनाऱ्यावर केंद्राच्या आदेशानुसार १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी असते.

१९८९ च्या एप्रिलमध्ये फोरमने दोन्ही किनाऱ्यांवरून यात्रा काढली, एक बंगालकडून, एक मुंबईकडून. पाणी वाचवा, जीवन वाचवा, ही घोषणा. १ मे रोजी दोन्ही यात्रा कन्याकुमारीला मिळाल्या आणि तिथे पोलिसांनी गोळीबार केला. सभा तिथेच मोडली.

त्यानंतरचा प्रसंग पाठ्यपुस्तकात यायला हवा असं मला वाटतं. १९९१ नंतर केंद्राने खोल समुद्र परदेशी भागीदारीतल्या जहाजांना खुला केला. विरोधात १९९४ मध्ये देशभर बंद झाले आणि त्या लढ्यात फोरमच्या शेजारी कोण उभं राहिलं? ट्रॉलरवाले! ज्यांच्याविरुद्ध संघटना जन्मली, तेच. मोठा मासा आला की मधल्याला धाकटा आठवतो. फोरमचे नेते फादर थॉमस कोचेरी १९९५ मध्ये पोरबंदरला उपोषणाला बसले, तेव्हा सरकारच्या मुरारी समितीत मच्छीमारांच्या प्रतिनिधींना जागा मिळाली. १९९७ मध्ये सरकारने समितीच्या शिफारशी स्वीकारल्या.

आणि पैशाचं काय? १९९९ मध्ये कोचेरींना अमेरिकेची प्यू फेलोशिप जाहीर झाली, दीड लाख डॉलरची. त्यांनी ती नाकारली. त्या निधीमागचा पैसा तेल कंपनीतून आलेला, आणि समुद्र नासवणाऱ्यांचा पैसा समुद्र वाचवायला नको, ही त्यांची भूमिका. काहींना हा हट्ट वाटला. दीड लाखात किती खटले लढता आले असते, असंही म्हणता येईल, आणि तो मुद्दा चुकीचा नाही. पण त्याच वर्षी त्यांना सोफी पुरस्कार मिळाला, तो मात्र त्यांनी घेतला. तो पुरस्कार नॉर्वेचा. ज्या देशाच्या मदतीने ही गोष्ट सुरू झाली, तोच!

गोव्यातली रांपण आज जवळजवळ संपली आहे. कायदा आला, तोवर पुष्कळ उशीर झाला होता, आणि जिथे जाळी ओढत तिथे हॉटेलं आली. सिंधुदुर्गात मात्र रापण संघ अजून आहेत. त्यांचं भांडण आता पर्ससीन जाळ्यांशी आणि एलईडी दिव्यांनी मासा गोळा करणाऱ्यांशी आहे. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर महाराष्ट्राने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीनवर निर्बंध घातले, केंद्राने २०१७ मध्ये एलईडी मासेमारीवर बंदी आणली. तरीही रात्री दिवे दिसतात. मग बोटीचा नंबर टिपायचा, वेळ लिहायची, मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात तक्रार द्यायची, पोच घ्यायची, महिन्याने पुन्हा जायचं. रात्रभर समुद्रावर राहिलेल्या माणसाला सकाळी हे करणं जड जातं. अर्ज लिहून देणारा, अधिसूचना वाचून सोप्या मराठीत सांगणारा, तारखेला कोर्टात बरोबर जाणारा माणूस त्याला हवा असतो.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.