आकाशाची कुजबुज आणि घरचा गोंगाट

विजेवर चालणारें प्रत्येक यंत्र दोन कामें करितें. पहिलें, ज्यासाठीं तें विकत घेतलेलें असतें तें. आणि दुसरें, जें त्याला कोणीं सांगितलेलें नसतें तें. हें दुसरें काम म्हणजे आपल्याभोंवतीं रेडिओ-लहरी उधळणें. मुंबई–नाशिक रस्त्यावरील वडपें गांव घ्या. जवळच यंत्रमागांसाठीं प्रसिद्ध असलेली भिवंडी. भोंवतालीं गोदामें आणि वाहनांची रहदारी. तेथें प्रत्येक खटक्याची ठिणगी, प्रत्येक चार्जर, प्रत्येक संगणक ह्या अनाहूत लहरींत भर घालतो. कानाला त्या ऐकूं येत नाहींत. शेजारच्या यंत्राला मात्र त्या बाधतात. ह्यालाच विद्युत्-चुंबकीय व्यत्यय असें म्हणतात.

ह्या व्यत्ययावरील मुख्य उपाय व्यत्ययाहूनहि जुना आहे. १८३६ सालीं मायकेल फॅरेडे ह्यांनीं धातूच्या पत्र्यानें मढविलेली खोली उभारली व बाहेरून तिला विजेचा प्रचंड भार दिला. आंत विजेचा मागमूसहि आढळला नाहीं. धातूचें अखंड कवच विद्युत्-क्षेत्राला अडवितें, हें तेव्हां सिद्ध झालें.

पुढें शतकभरानें कार्ल जान्स्की ह्या अमेरिकन अभियंत्याकडे अटलांटिकपारच्या रेडिओ-टेलिफोनांत खरखर कोठून येते, हें शोधण्याचें काम आलें. कांहीं खरखर जवळच्या वादळांची निघाली, कांहीं दूरच्या. उरली एक मंद, अखंड फुसफूस. ती रोज सुमारें चार मिनिटें अगोदर येई, म्हणजे सूर्याबरोबर न चालतां नक्षत्रांबरोबर चाले. ती आकाशगंगेंतून येते, हें जान्स्कींनीं १९३३ सालीं प्रसिद्ध केलें. व्यत्ययाचा शोध घेतां घेतां रेडिओ-खगोलशास्त्राचा जन्म झाला! योगायोग असा, कीं त्याच वर्षीं पॅरिस येथें रेडिओ-व्यत्ययाला आंतरराष्ट्रीय मर्यादा घालण्याचा विचार सुरू झाला.

ह्या दोन धाग्यांची गांठ महाराष्ट्रांत पडली, ती जुन्नर तालुक्यांतील खोडद येथें. गोविंद स्वरूप ह्यांच्या नेतृत्वाखालीं टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें तेथें ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’ ही महादुर्बीण उभारली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांपैकीं १४ मध्यभागीं एकवटलेल्या आणि १६ तीन बाहूंवर दूरवर पसरलेल्या. जागा निवडतांना मानवनिर्मित रेडिओ-गोंगाट कमी असणें, हा एक प्रमुख निकष होता. वडप्यासारख्या ठिकाणीं ही दुर्बीण बधिर झाली असती. तिला ऐकावयाचे संदेश किती क्षीण, हें एका उदाहरणानें कळेल: चंद्रावर ठेवलेला एखादा मोबाइल बोलूं लागला, तर तो तिला आकाशांतील ठळक रेडिओ-स्रोतांपैकीं एक वाटेल.

पण रान निवडल्यानें प्रश्न सुटला नाहीं. दुर्बीण स्वतःच विद्युत्-यंत्रांचा मेळावा! तिचींच संगणकयंत्रें तिच्या कानाशीं बोलूं लागलीं तर काय करावें? म्हणून तबकड्यांकडून येणारे संदेश लहरी न फेंकणाऱ्या काचतंतूंतून आणले गेले, आणि गोंगाट करणारीं यंत्रें फॅरेडेंच्या युक्तीनें धातूच्या कवचांत बंदिस्त झालीं.

येथील धडा प्रत्येक यंत्ररचनाकाराच्या उपयोगाचा आहे. व्यत्ययाला तीन गोष्टी लागतात: उगम, वाट आणि बाधित होणारें यंत्र. ह्यांपैकीं उगमावर केलेला उपाय सर्वांत स्वस्त. प्रवाहाचा जाण्याचा व परतण्याचा मार्ग शेजारीं ठेवावा. त्यांतील फट वाढली, कीं तें वेटोळें लहरी फेंकूं लागतें. स्पंदनें गरजेपेक्षां अधिक तीव्र करूं नयेत. चिपच्या अगदीं जवळ छोटा कपॅसिटर बसवावा. तार पेटींत शिरते तेथेंच फिल्टर लावावा. आणि पेटीला लांब फट ठेवूं नये. कारण लांब फट हीच अँटेना होते. नकाशावर असतां हे उपाय चार रेघांचे असतात. माल तयार झाल्यावर तेच सबंध यंत्र उकलावयास लावतात.

मात्र सर्वच उगम एकाच्या हातीं नसतात. विजेच्या तारांवरील ठिणग्या खोडदला आजहि जाचतात, आणि पुणे–नाशिक रेल्वेच्या नियोजित मार्गाचाहि ह्या दुर्बिणीपायीं फेरविचार करावा लागला. वाट पाहणाऱ्या गांवांना रेल्वे हवी आणि विज्ञानाला शांतता हवी. दोन्हीं मागण्या न्याय्य आहेत. त्यांचा मेळ घालण्याचा सोयीचा क्षण रूळ पडण्यापूर्वीं असतो, नंतर नव्हे. यंत्राची पेटी असो वा लोहमार्ग असो, शेजाऱ्याच्या कानाचा विचार आरंभींच करणें, हेंच खरें शहाणपण होय.