संशयित आधी की कागद आधी? व्हाइटचॅपलच्या हौशी शोधकांकडून शिकण्यासारखं



पेट झाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय आणि निष्कर्ष काय निघणार हेही मनात जवळपास ठरलंय, अशा टप्प्यावर जे आहेत त्यांच्यासाठी आजची पोस्ट. मी स्वतः याच टप्प्यावर आपटलो होतो. माझ्या पहिल्या मसुद्याच्या समासात गाईडनी लिहिलं होतं, "उत्तर माहीत आहे, तर मग शोधताय काय?" तेव्हा राग आला. पुढे लंडनच्या एका जुन्या खून प्रकरणाबद्दल वाचताना त्या वाक्याचा अर्थ नीट कळला.

प्रकरण सगळ्यांना नावाने माहीत आहे: जॅक द रिपर. 1888 साली 31 ऑगस्ट ते 9 नोव्हेंबर या काळात पूर्व लंडनच्या व्हाइटचॅपल आणि आसपासच्या गरीब वस्तीत पाच स्त्रियांचे खून झाले. पॉली निकोल्स, अ‍ॅनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरीन एडोज आणि मेरी जेन केली. खुनी सापडला नाही. तेव्हापासून आजपर्यंत शंभराहून जास्त माणसांवर संशय घेतला गेलाय. त्यात राजपुत्र आहे, चित्रकार आहे, डॉक्टर तर कितीतरी आहेत. हे संशयित शोधणारे बहुतेक लोक हौशी, म्हणजे पोलीसही नव्हेत आणि इतिहासाचे प्राध्यापकही नव्हेत. त्यांच्यातल्या काहींचं काम इतकं चोख आहे की आपण त्यांच्याकडे शिकवणी लावावी, आणि काहींचं असं की "हे करू नये" म्हणून वर्गात दाखवावं.

एक टिपण, तीन नावं

या सगळ्या शोधाचा पाया म्हणजे 23 फेब्रुवारी 1894 चं एक टिपण. लिहिणारे स्कॉटलंड यार्डचे अधिकारी सर मेलव्हिल मॅकनॉटन. एका वर्तमानपत्राने थॉमस कटबुश नावाच्या माणसावर रोख ठेवला होता, तो खोडून काढायला त्यांनी हे लिहिलं. कटबुशपेक्षा जास्त संशय घ्यावा असे तीन जण त्यांनी सांगितले: ड्रुइट, कॉस्मिन्स्की आणि ऑस्ट्रॉग. तिघांपैकी कुणाविरुद्धही पुरावा नव्हता, हेही त्याच टिपणात आहे. ते वाक्य मात्र पुढच्या लेखकांनी फारसं मनावर घेतलं नाही.

मॅकनॉटन यार्डात आले जून 1889 मध्ये. त्याआधी ते बंगालमध्ये वडिलांची जमीनजुमल्याची व्यवस्था पाहत होते. म्हणजे शेवटच्या खुनानंतर सात महिन्यांनी ते नोकरीला लागले, आणि टिपण लिहिलं खुनांनंतर पाच वर्षांनी.

आपल्याकडे राजवाड्यांपासून अस्सल समकालीन कागद आणि मागाहून लिहिलेली बखर यांत फरक करायला शिकवतात. मॅकनॉटन यांचं टिपण या दोन्हींच्या मध्ये अडकतं. कागद म्हणून ते शंभर टक्के अस्सल आहे: अक्षर त्यांचं, फाइल सरकारी. पण त्यातली माहिती ऐकीव, म्हणजे बखरीच्या जातीची. बाह्य चिकित्सेत पास होणारा कागद अंतर्गत चिकित्सेत नापास होऊ शकतो, हे परीक्षेपुरतं आपण सगळे लिहितो. इथे ते प्रत्यक्ष दिसतं.

या टिपणाची एक प्रत मॅकनॉटन यांच्या मुलीकडे होती. 1959 मध्ये ती पत्रकार डॅनियल फार्सन यांना पाहायला मिळाली, आणि पुढच्या काही वर्षांत ही नावं जगासमोर आली. त्यानंतर तीन वेगवेगळ्या माणसांनी तीन नावं तपासली.

तीन नावं, तीन नोंदवह्या

*ड्रुइट.* टिपणात तो डॉक्टर असल्याचं म्हटलंय. प्रत्यक्षात मॉन्टेग्यू ड्रुइट बॅरिस्टर होता आणि ब्लॅकहीथच्या एका निवासी शाळेत शिकवायचा. 31 डिसेंबर 1888 ला त्याचं प्रेत थेम्स नदीत सापडलं. मुलीकडच्या प्रतीत त्याचं वय 41 दिलंय; खरं वय 31. पण तो चांगला क्रिकेटपटू होता, आणि इथे क्रिकेटचे इतिहासकार आयर्विंग रोझेनवॉटर कामाला आले. त्यांनी सामन्यांच्या नोंदी काढल्या. अ‍ॅनी चॅपमनचं प्रेत 8 सप्टेंबरला सकाळी सहाच्या सुमारास सापडलं, आणि त्याच दिवशी साडेअकराला ड्रुइट ब्लॅकहीथच्या मैदानावर खेळत होता. यातून तो निर्दोष ठरतो का? नाही. पाच-साडेपाच तासांत व्हाइटचॅपलहून ब्लॅकहीथला सहज पोचता येतं. पण टिपणातली माहिती किती ढिली आहे आणि खरी माहिती कुठल्या अनपेक्षित वहीत पडून असते, हे दोन्ही कळलं. हा शोध इथे थांबतो, आणि इथेच थांबायला हवा.

*कॉस्मिन्स्की.* टिपणात पहिलं नावसुद्धा नाही. व्हाइटचॅपलमध्ये राहणारा पोलिश ज्यू, मार्च 1889 च्या सुमारास वेड्यांच्या इस्पितळात गेला, असं त्यात म्हटलंय. इंग्रजी साहित्याचे अध्यापक मार्टिन फिडो यांनी 1980 च्या दशकात इस्पितळांच्या दाखल-नोंदी चाळल्या. त्या नावाचा माणूस मिळाला: आरोन कॉस्मिन्स्की, व्यवसाय केशकर्तन. पण दाखल झाल्याची तारीख फेब्रुवारी 1891, म्हणजे टिपणापेक्षा जवळपास दोन वर्षं पुढची. त्याने बहिणीवर सुरी उगारल्याचं कागदोपत्री आहे. आणि दाखल करताना "इतरांना धोकादायक" या रकान्यात "नाही" असंही आहे. तो 1919 मध्ये इस्पितळातच वारला. आता गंमत बघा. फिडोंना हवं ते नाव मिळालं होतं, पण तपशील जुळेनात, म्हणून त्यांनी स्वतःच तो संशयित बाजूला ठेवला आणि दुसऱ्याचा विचार सुरू केला. त्यांचा पुढचा तर्क पटो न पटो, पण हाती आलेलं फळ परत ठेवायला धाडस लागतं.

*ऑस्ट्रॉग.* टिपणाप्रमाणे हा रशियन डॉक्टर आणि खुनी प्रवृत्तीचा वेडा. फिलिप सग्डन या इतिहासाच्या शिक्षकांनी त्याचे गुन्हे तपासले, तर निघाला एक भुरटा चोर आणि ठग. नव्वदच्या दशकात फ्रान्समधली नोंद मिळाली: 1888 मध्ये हे खून होत असताना ऑस्ट्रॉग चोरीच्या गुन्ह्यात तिथल्या कोठडीत होता. विषय संपला. इतकी वर्षं पुस्तकापुस्तकातून फिरणारा संशयित एका तुरुंगाच्या नोंदीने गेला.

या तिघांत मला सग्डन यांचं काम सगळ्यात मोठं वाटतं. त्यांनी खुनी शोधला नाही, पण एक माणूस यादीतून कायमचा वजा केला. आपल्या थीसिसमध्ये "हे तसं नव्हतं" असा निष्कर्ष निघाला तर आपल्याला अपयश आल्यासारखं वाटतं. वाटू देऊ नका. तो निष्कर्षच आहे.

शोध चांगला, पण पुढची उडी?

आता दुसरी बाजू. पॉली निकोल्सचं प्रेत पहिल्यांदा पाहिलं ते कामावर निघालेल्या एका गाडीवानाने. चौकशीत त्याने नाव सांगितलं चार्ल्स क्रॉस. पुढे हौशी शोधकांनी त्याने दिलेला पत्ता जनगणनेशी ताडून पाहिला आणि खरं नाव काढलं: चार्ल्स लेचमियर. सुंदर काम! पण काहींनी लगेच उडी मारली: नाव खोटं, म्हणजे हाच खुनी.

थोडं मागे गेलं की दिसतं की त्याच्या आईचा दुसरा नवरा थॉमस क्रॉस नावाचा पोलीस होता, आणि 1861 च्या जनगणनेत या मुलाची नोंदसुद्धा क्रॉस या आडनावानेच आहे. शिवाय त्याने घरचा पत्ता खरा दिला होता. लपायचं असतं तर तो आधी खोटा दिला असता. पुरावा तोच, पण आरोपी आधी ठरला की प्रत्येक तपशील त्याच्याकडेच बोट दाखवायला लागतो.

2014 मध्ये याहून मोठा गाजावाजा झाला. एका उद्योजकाने लिलावात एक शाल घेतली होती. ती कॅथरीन एडोजची असल्याचं सांगितलं गेलं, तिच्यावरून डीएनए काढला, आणि कॉस्मिन्स्कीच खुनी अशा बातम्या जगभर झळकल्या. पुढे तज्ज्ञांनी दाखवून दिलं की "दुर्मीळ" म्हणून सांगितलेला जनुकीय बदल नोंदवतानाच चूक झाली होती. खरा बदल युरोपीय वंशाच्या बहुतेक सगळ्यांत आढळतो. पण मला प्रयोगशाळेच्या आधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. एडोजच्या अंगावरच्या आणि जवळच्या वस्तूंची पोलिसांनी अगदी बारीक यादी केली होती. त्या यादीत ही शाल नाही. वस्तू तिथून इथपर्यंत कशी आली हेच सिद्ध होत नसेल, तर सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसलं याला किती अर्थ?

आणि ज्याच्या नावाने मथळे छापले तो कोण? एक गरीब स्थलांतरित, आयुष्याची शेवटची 28 वर्षं इस्पितळात काढलेला, उत्तर द्यायला हजर नसलेला. "मेलेल्या माणसाचं काय नुकसान?" असं कुणी म्हणेल. पण मेलेल्या माणसांवर लिहिणं हेच तर आपलं काम आहे. दरबारातला फितूर, गावातला सावकार, चळवळीतला खबऱ्या, अशी बिरुदं आपणही एका कागदावरून लावून मोकळे होतो.

तुमच्या कामासाठी

या आठवड्यात एक करून बघा. तुमच्या विषयातला सगळ्यात लाडका कागद घ्या आणि वहीत चार प्रश्नांची उत्तरं लिहा. लिहिणारा घटनेच्या वेळी कुठे होता? हे त्याने कधी आणि कशासाठी लिहिलं? तो कागद माझ्यापर्यंत कुणाकुणाच्या हातून आला? आणि माझा तर्क चुकीचा असेल, तर ते कुठल्या नोंदवहीत सापडेल?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की आधी तीच वही मागवा. मी माझ्या विषयात तसं केलं तेव्हा सिनॉप्सिसमधलं एक अख्खं प्रकरण गळालं. दोन दिवस वाईट वाटलं. मग नवा मसुदा गाईडना दाखवला, तर यावेळी समासात फक्त "पुढे चला" होतं.

तुमचं उत्तर काय आलं ते खाली नक्की कळवा.