‘वय झालं’ हे निदान नव्हे

‘साठी बुद्धी नाठी’ असे आपण हसत म्हणतो, आणि निदानाचा घोटाळा तिथूनच सुरू होतो. म्हातारे माणूस विसरू लागले, असंबद्ध बोलू लागले किंवा गप्प बसू लागले, की घरचे ‘म्हातारचळ लागला’ म्हणून मोकळे होतात. या एका शब्दाखाली किमान तीन विकार दडतात : संभ्रमावस्था, नैराश्य आणि स्मृतिभ्रंश. ते ओळखण्याची सर्वांत मोठी खूण म्हणजे सुरुवात. पहिला काही तासांत वा दिवसांत उपटतो, दुसरा काही आठवड्यांत, तिसरा बहुधा वर्षानुवर्षे मुरत येतो.

खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतरची दुसरी रात्र. आजी उठून बसतात, चादरीचे धागे ओढतात, सलाइनची नळी उपसू पाहतात. ‘गाईची धार राहिली, सोडा मला’ म्हणतात. सकाळी लेक येते तेव्हा शहाण्यासारख्या चहा मागतात. दिवेलागणीला पुन्हा तेच. जुनी माणसे याला वात म्हणत, वैद्य सन्निपात. असा चढउतार आणि लक्ष न टिकणे ही संभ्रमावस्थेची लक्षणे. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले, तर शनिवार, शुक्रवार येतात आणि पुढे गाडी अडते. मूळ कारण पुष्कळदा मेंदूबाहेर सापडते : लघवीतला जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, एखादी नवी गोळी. रक्तदाबासाठी दिलेल्या, लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनी रक्तातले सोडियम उतरते. सर्दीच्या आणि झोपेच्या गोळ्याही डोके फिरवतात. त्यात कुणी चष्मा आणि कानाचे यंत्र पिशवीत बांधून ठेवलेले असते. आरडाओरडा करणारा रुग्ण निदान नजरेत भरतो. निपचित पडलेला ‘शांत झोपलाय’ म्हणून सुटतो, आणि तिथेच धोका असतो.

नैराश्यात आपले वृद्ध ‘मी उदास आहे’ असे क्वचितच सांगतात. ‘पोटात गोळा येतो’, ‘डोकं जड झालंय’, ‘पहाटे तीनला जाग येते ती येतेच’ ही त्यांची भाषा. गंमत अशी, की १९८० च्या दशकात अमेरिकेत जेरोम येसावेज आणि सहकाऱ्यांनी वृद्धांच्या नैराश्यासाठी तीस प्रश्नांची जी हो-नाही प्रश्नावली केली, तिच्यातून शारीरिक तक्रारी मुद्दाम वगळल्या. म्हातारपणी पोट आणि झोप शंभर कारणांनी बिघडते, हा त्यांचा तर्क बिनतोड होता. पण जिला दुःख पोटातूनच सांगता येते, अशी आजी त्या चाळणीतून निसटू शकते. स्मरणशक्ती तपासताना नैराश्यग्रस्त माणूस ‘नाही बाई आठवत’ म्हणून प्रयत्नच सोडतो. स्मृतिभ्रंश झालेला काहीतरी उत्तर देतो किंवा हसून वेळ मारून नेतो. खूण ढोबळ आहे, पण मला ती उपयोगी वाटते.

स्मृतिभ्रंशाबद्दल दोनच गोष्टी. भारतात साठीपुढच्यांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना तो आहे, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. उरलेल्या बहुसंख्यांना तो नाही, हेही त्याच आकड्यात आले. आणि स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकाराला ज्यांचे नाव मिळाले, त्या आलोइस आल्झायमर यांनी १९०१ मध्ये फ्रँकफर्टला तपासलेली ती प्रसिद्ध रुग्ण होती अवघी एक्कावन्न वर्षांची. तपासणीत तारीख विचारतात, वाक्य लिहायला सांगतात. शाळेची पायरी न चढलेली बाई तिथे नापास होते, पण आज एकादशी आहे हे बिनचूक सांगते. म्हणून तुलना तिची तिच्याशीच हवी : हयातभर अंदाजाने मीठ घालणारा हात आता भाजीत दोनदा घालतो का?

हे विकार एकमेकांवर चढतातही. स्मृतिभ्रंश असलेल्याला संभ्रमावस्था चटकन गाठते, म्हणून त्याचे वागणे दोन दिवसांत एकदम बिघडले तर ‘रोग वाढला’ म्हणून थांबू नये. पडल्यानंतर काही आठवड्यांनी मेंदूवर साकळलेले रक्त, बी-१२ ची कमतरता, मंदावलेले थायरॉइड ही स्मृतिभ्रंशाचा भास करून देणारी कारणेही शोधता येतात आणि त्यांवर उपचारही होतात. डॉक्टरांकडे जाताना घरातला गोळ्यांचा आख्खा डबा न्या, अंगदुखीसाठी शेजाऱ्याने दिलेली पुडीसुद्धा, आणि ‘कधीपासून?’ याचे उत्तर निघण्यापूर्वीच आठवून ठेवा.