दुमजली घराचा हव्यास

नवरा कापडगिरणीतल्या कामगार मुलींना गाणं शिकवतो, बायको पोटुशी असतानाही शिवणयंत्रावर राबते. हा आटापिटा कशासाठी, तर दुमजली घरासाठी. घर होतं, वर पियानो येतो. पण बायकोची प्रकृती ढासळते आणि मोलकरीण ठेवायची वेळ येते. कोरियन दिग्दर्शक किम की-यंग यांच्या 'हान्यो' (म्हणजे मोलकरीण) या चित्रपटात इथून पुढे जे घडतं, त्यात बाहेरच्या खलनायकाचा हात नाही. जो तो आपल्याच निर्णयाची फळं भोगतो.

हा चित्रपट नोव्हेंबर १९६० मध्ये सोलमध्ये प्रदर्शित झाला, आणि ती वेळ महत्त्वाची होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विद्यार्थ्यांच्या उठावाने राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांची सत्ता उलथली होती. मे १९६१ मध्ये लष्कराने बंड केलं, पार्क चुंग-ही यांचा अंमल सुरू झाला आणि सिनेमावर पुन्हा करडी नजर आली. मधल्या त्या थोड्या महिन्यांच्या मोकळिकीत कोरियन सिनेमाने जे धाडस केलं, त्यात 'हान्यो' अग्रभागी आहे.

एका साध्या संगीतशिक्षकाला घरी राहणारी मोलकरीण परवडते, याचं आजच्या प्रेक्षकाला नवल वाटेल. पण कोरियन युद्धाने होरपळलेल्या खेड्यांतून मुलींचे लोंढे सोलकडे येत होते. कुणी गिरणीत शिरत, कुणी दोन वेळचं जेवण आणि निजायला जागा एवढ्यावर परक्या घरात राबत. मध्यमवर्गाची प्रतिष्ठा या स्वस्त श्रमावर उभी होती. किम यांनी भीती शोधली ती तिथे: जिला घरात घेतलं, पण घरातली मानलं नाही, ती उद्या काय करील?

वादळी रात्री शिक्षकाचा पाय घसरतो. मोलकरणीला दिवस जातात. पत्नी तिला जिन्यावरून स्वतःला खाली झोकून द्यायला राजी करते, म्हणजे गर्भ पडेल. पुढे शिक्षकाच्या मुलाचा जीव जातो, तरी पोलिसांना बोलवायचं कुणाच्या मनात नाही. नवऱ्याची नोकरी जाईल, घर जाईल. उंदराचं औषध कपाटातच असतं. खरं तर या चित्रपटातला सगळ्यात थंड डोक्याचा माणूस मोलकरीण नव्हे, पत्नी आहे. भुताखेताविना अंगावर काटा आणणारा हा हिशेब किम यांनी बहुतेक एका घरात, एका जिन्याभोवती मांडला. शेवटी नायक थेट प्रेक्षकांकडे वळून, ही वेळ तुमच्यावरही येऊ शकते असं हसत हसत सांगतो, तेव्हा मात्र सगळा ताण सैल पडतो. ती पळवाट खटकते.

किम यांची पत्नी दंतवैद्य होती आणि तिच्या कमाईचा त्यांच्या चित्रपटांना आधार असे. बायकोच्या कष्टांवर उभं राहिलेलं पडद्यावरचं घर पाहताना हे आठवतंच. हाच विषय त्यांनी १९७१ मध्ये आणि १९८२ मध्ये पुन्हा हाताळला. पुढे मात्र ते विस्मृतीत गेले. १९९७ च्या बुसान महोत्सवात त्यांचे जुने चित्रपट दाखवले गेले आणि नव्या पिढीला त्यांचा शोध लागला. फेब्रुवारी १९९८ मध्ये घराला लागलेल्या आगीत पती-पत्नी दोघंही गेली.

चित्रपटाची प्रतही धड उरली नव्हती. मूळ निगेटिव्हची दोन रिळं गहाळ होती. ती ज्या जुन्या प्रतीत सापडली, तिच्यावर हाताने लिहिलेली इंग्रजी उपशीर्षकं होती. कोरियन फिल्म आर्काइव्हने ती अक्षरं संगणकावर पुसून २००८ मध्ये चित्रपट पूर्ववत केला.

इम सांग-सू यांनी २०१० मध्ये त्याची नवी आवृत्ती काढली, पण त्यात मालक गर्भश्रीमंत झाले आणि कर्जबाजारी स्वप्नाची ती कासाविशी गेली. त्या कासाविशीचा खरा वारस म्हणजे 'पॅरासाइट' हा चित्रपट. त्याचे दिग्दर्शक बाँग जून-हो यांनी हे ऋण उघड मान्य केलं आहे. आणि १९७१ च्या आवृत्तीतून पडद्यावर आलेल्या यून यो-जंग यांना २०२१ मध्ये 'मिनारी'साठी ऑस्कर मिळालं, तेव्हा त्यांनी व्यासपीठावरून आपल्या पहिल्या दिग्दर्शकाचे, किम की-यंग यांचे आभार मानले.