चव्वेचाळीस बाय वीस फूट

दिवाळी सरली की आमच्या वाड्याच्या अंगणात बॅडमिंटन सुरू व्हायचं. फक्कीनं रेषा आखायच्या, दोन बांबूंना जाळं बांधायचं आणि ओसरीवरून वायर ओढून शंभरचा बल्ब लावायचा. मार्चमध्ये वारा सुटला की फूल भलतीकडेच जाई आणि खेळ आपोआप बंद पडे. या खेळाचं एक जुनं नाव ‘पूना’ असं आहे, हे मात्र तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

फूल उडवत ठेवण्याचा खेळ पुष्कळ जुना. पण मध्ये जाळं बांधून तो स्पर्धेनं खेळण्याची आवड पुण्याच्या छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांना लागली आणि १८७०च्या सुमारास त्याचे नियम इथे बांधले गेले. रजेवर मायदेशी जाणाऱ्यांनी तो बरोबर नेला. तिकडे ड्यूक ऑफ ब्यूफर्टच्या ‘बॅडमिंटन हाऊस’ या वाड्याचं नाव त्याला चिकटलं आणि पुणं मागे पडलं. १८९३ साली इंग्लंडात संघटना निघाली. १९०१पर्यंत मैदान डमरूसारखं, जाळ्यापाशी चिंचोळं असे. मग ते सरळ आयताकृती झालं. दुहेरीचं माप ठरलं चव्वेचाळीस बाय वीस फूट. वाऱ्याच्या भीतीनं स्पर्धेचा खेळ हॉलमध्ये गेला आणि हॉल म्हटला की भाडं आलं, सभासदत्व आलं.

आता १९६५ साली या. अमेरिकेत सिएटलजवळच्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल या मित्रांच्या घरची मंडळी सुट्टीत कंटाळली होती. परसात बॅडमिंटनचं जुनं मैदान होतं, पण साहित्य पुरेसं सापडेना. त्यांनी टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू घेतला. जाळं खाली आणलं, ते कडेला तीन फुटांवर ठरलं. बार्नी मॅकॅलम या शेजाऱ्यानं पुढे नियमांना हातभार लावला. हाच तो पिकलबॉल. मैदानाचं माप तेच राहिलं, चव्वेचाळीस बाय वीस. पुण्यातून गेलेला खेळ असा वेष पालटून, जग फिरून, पुन्हा पुण्यात आला आहे.

गेल्या काही वर्षांत शहरात पिकलबॉलची खासगी मैदानं निघाली, ती तासाच्या भाड्यानं. आमच्या सकाळच्या फिरण्याच्या बागेतही मैदान हवं, असं काही मुलं म्हणाली, तेव्हा मी पहिला विरोध केला. चेंडू कडक, बॅट कडक. टकटक आवाज दूरवर जातो. अमेरिकेत यावरून शेजारी कोर्टाची पायरी चढले आहेत. शिवाय भोवतालच्या मोकळ्या जागेसह साठ बाय तीस फूट लागतात. म्हणजे अठराशे चौरस फूट माती काँक्रीटखाली जाणार. पावसाचं पाणी मुरायचं कुठे?

त्या रात्री वाड्याचं अंगण आठवलं. तिथे आज इमारतीचं पार्किंग आहे. आम्हाला फुकट मिळालेली जागा या मुलांना कुठे आहे?

छावणीच्या बंगल्यांतला खेळ साहेबांचा होता. गावातल्या पोराला तिथे मज्जाव. १९०६ साली पुणेकरांनी डेक्कन जिमखाना काढला आणि खेळाची स्वतःची जागा केली. तिथेच १९१४ साली खो-खोचे नियम ठरवायला समिती बसली. अंगणातल्या खेळाला जागा मिळाली, नियम मिळाले, म्हणून तो टिकला आणि २०२५ साली दिल्लीत त्याचा विश्वचषकही झाला.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी विरोध मागे घेतला, पण अटी घातल्या. नवी माती झाकायची नाही. बागेत आधीच फरसबंदी असेल तिथे रेषा आखाव्यात. टेनिसच्या एका पडीक मैदानात अशी चार मैदानं बसतात. लांबी उत्तर-दक्षिण ठेवावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन डोळ्यांवर येत नाही. घरांपासून लांब, झाड न तोडता, ठरलेल्या वेळेतच खेळावं. आणि मुख्य म्हणजे तासाचं भाडं नको. वॉचमनच्या खोलीत चार बॅटी ठेवाव्यात. ज्याच्याकडे नाही त्यानं त्या घेऊन खेळावं.

मुलांनी सगळं ऐकून घेतलं. एकानं विचारलं, ‘‘काका, तुम्ही पण खेळणार ना?’’ गुडघ्यांना विचारून सांगतो म्हटलं. पण रेषा आखायला फक्की घेऊन मी नक्की येणार आहे.