आंबवडें येथील दोन समाध्या

भोराहून कारीकडे जातांना आंबवडें हें लहानसें गांव लागतें. सखल भागीं भाताचीं खाचरें, डोंगराच्या अंगास नाचणी-वरईची वरकस जमीन, नागेश्वराचें देऊळ आणि संस्थानी अमदानींतील झुलता पूल, एवढेंच प्रवाशाच्या नजरेस पडतें. परंतु याच शेतकरी गांवांत कान्होजी नाईक जेधे व शंकराजी नारायण सचिव या दोघांच्या समाध्या आहेत. (जिवा महाला याचीहि समाधि गांवकरी येथें दाखवितात.) एक देशमुख, दुसरा राज्याचा प्रधान, पण इमान कोणाशीं राखावें हा प्रश्न दोघांपुढेंहि आला.

इ. स. १६५९ च्या जून महिन्यांत आदिलशहानें कान्होजीस फर्मान पाठवून अफजलखानास सामील होण्याविषयीं फर्माविलें. शेजारच्या उत्रवळीचा खंडोजी खोपडे खानाकडे गेला. कान्होजी पुत्रांसह शिवाजी महाराजांकडे गेला आणि, जेधे करीन्यांत लिहिल्याप्रमाणें, त्यानें हातीं पाणी घेऊन तें वतनावर सोडलें. या पाण्याचें मोल आज सहसा लक्षांत येत नाहीं. वतन म्हणजे नुसतें उत्पन्न नव्हे. इनाम जमीन, रयतेकडील हक्क, गोतसभेंतील जागा, सणावारीं व लग्नकार्यीं मिळणारा मानपान, इतकें सारें त्या एका शब्दांत येई. तें गेलें कीं घराणें आपल्याच खोऱ्यांत परकें होई. खोपड्यास पुढें एक हात व एक पाय गमवावा लागला. त्याचा जीव वांचावा म्हणून रदबदली कान्होजीनेंच केली.

मात्र करीना हा वतनदाराच्या घरचा कागद आहे. पूर्वजांची सेवा सांगून हक्क शाबूत राखणें हाच अशा लेखनाचा हेतु. तेव्हां आम्ही त्यास फर्मानाइतकें वजन देत नाहीं. त्याच घराण्याची शकावली रुक्ष आहे, आणि म्हणूनच आम्हांस अधिक भरंवशाची वाटते.

शंकराजी नारायणाचा पेंच याहून बिकट होता. त्यानें ताराबाईशीं शपथ वाहिली होती. इ. स. १७०७ त शाहू मोंगलांच्या कैदेंतून सुटून स्वराज्यांत आले. शपथ मोडावी तर इमान जातें, न मोडावी तर थोरल्या महाराजांच्या नातवावर शस्त्र धरावें लागतें! त्याच वर्षीं सचिवानें आंबवडें येथें देहत्याग केला. तो कसा केला याविषयीं एकवाक्यता नाहीं. कोणी जलसमाधि म्हणतात, कोणी हिरकणी. शाहूंनीं त्याचा अल्पवयी पुत्र नारो शंकर यास सचिवपद दिलें, आणि त्या वंशाचें भोर संस्थान १९४८ सालीं विलीन होईपर्यंत चाललें.

जेधे शकावली लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं भारत इतिहास संशोधक मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तांत छापली. तींतील शके १५५१, फाल्गुन वद्य ३ या शिवजन्मतिथीनें केवढी खळबळ उडविली हें वाचकांस ठाऊकच आहे. ती कांहीं राजदफ्तरांतून आली नव्हती. कारीच्या देशमुखांच्या घरून आली. यास्तव संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, मावळांतील घरीं जुना रुमाल आढळल्यास त्यांतील ठळक मोर्तबाचे कागद तेवढे निवडून नेऊं नयेत. रुमाल जसाचा तसा ठेवून सर्व कागदांच्या नकला कराव्या, व तो कोणत्या गांवीं, कोणत्या घराण्याकडे मिळाला हें त्यावर लिहावें.